कडी कुठे बसवावी?

घरात एखादी वस्तू टांगणे हे आपल्याकडे किरकोळ काम समजले जाते. खिळा ठोकला, दोरी बांधली, काम संपले. परंतु आपल्या जुन्या घरांकडे जरा निरखून पाहिले, तर टांगणे ही एक स्वतंत्र विद्याच होती असे दिसून येईल. स्वयंपाकघरातले शिंके मांजराच्या उडीपासून दूर आणि गृहिणीच्या हाताशी जवळ असावे लागे. माजघरात पाळण्याची कडी असे, ओसरीत बंगई असे. पुण्यामुंबईकडची मंडळी जिला झोपाळा म्हणतात, तिला आम्ही पांढुर्णा-सौंसरकडचे लोक बंगई म्हणतो. कापसाच्या दिवसांत अंगणात तीन बल्ल्या डोक्याशी बांधून घोडी उभी करीत आणि तिला मोठा तराजू टांगीत. या प्रत्येक वस्तूचा भार निराळा, हालचाल निराळी आणि म्हणून तिची कडीही निराळी. शिंक्याच्या खुंटीला कोणी पाळणा बांधत नसे आणि पाळण्याच्या कडीला कोणी तराजू अडकवीत नसे. हे शहाणपण पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते सुताराच्या हातात आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेत होते.

अलीकडे या टांगत्या वस्तूंमध्ये एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मुष्टियुद्धाच्या सरावाची जड पिशवी. मुलांच्या भाषेत पंचिंग बॅग. पूर्वी ती फक्त मोठ्या शहरांतील व्यायामशाळांत दिसे. आता मुले आणि मुलीही बॉक्सिंग शिकू लागल्या आहेत, सुटीत घरी आल्यावर सराव मोडू नये म्हणून पिशवी मागवतात, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो : ही कुठे टांगावी? प्रश्न सुतारकामाचा दिसतो. पण ज्या घरात तो विचारला जातो, त्या घराविषयी तो पुष्कळ काही सांगून जातो. म्हणून आजच्या लेखात त्याच्याविषयी दोन गोष्टी लिहाव्यात असे वाटते.

ही पिशवी परकी आहे, आपल्या परंपरेत तिला जागा नाही, असे काही जण म्हणतात. पिशवी जुनी आहे एवढे मात्र खरे. प्राचीन ग्रीकांच्या व्यायामशाळांत ‘कोरिकोस’ नावाची पिशवी आढ्याला टांगलेली असे. अशक्त माणसासाठी तिच्यात अंजिराचे दाणे किंवा पीठ भरीत आणि बलवानासाठी वाळू. तिचा तळ साधारण बेंबीच्या उंचीवर येई. मुष्टियुद्ध तर आपल्या पुराणकथांतही आहे; कंसाच्या पदरी असलेल्या चाणूर आणि मुष्टिक या मल्लांची नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. आणि टांगलेल्या साधनावर अंग कसणे हे तर मराठी माणसाचे स्वतःचे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्याचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत : पुरलेला, टांगता आणि दोरीचा. यांतील दोन प्रकार वरच्या कडीवर अवलंबून असतात. दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. चांगला वेत मिळेनासा झाला तशी दोरी आली. आमच्यापासून फार दूर नसलेल्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले होते. आमच्या मध्यप्रदेश शासनाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. तेव्हा वर कडी, खाली कसणारे शरीर, हे चित्र आपल्याला नवे नाही. कडीवर किती भार येतो हे पाहण्याची सवय मात्र आपण विसरलो आहोत.

त्या भाराचे गणित आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा मधल्या सुटीत फळ्यावर मांडून दाखविले. पंचवीस किलोची पिशवी स्थिर लटकत असेल तेव्हा कडीवर २५ किलोंचाच भार असतो. पण ठोशाने ती उभ्या रेषेपासून ४५ अंश दूर गेली, तर परत येताना अगदी खालच्या बिंदूपाशी हा भार सुमारे ४० किलोंचा होतो. ६० अंश गेली तर ५० किलो, म्हणजे थेट दुप्पट. आणि पोरासोरांनी ती ओढून आडवी धरली व सोडून दिली, तर तिप्पट, ७५ किलो. याशिवाय खालून वर मारलेल्या ठोशाने पिशवी क्षणभर उचलली जाते, साखळी सैल पडते आणि पिशवी झटक्याने खाली येते. त्या झटक्याचा हिशेब तर या सगळ्यांहून वेगळा. शिवाय बंगई पुढेमागे एकाच रेषेत जाते आणि तिचा भार चार साखळ्यांत वाटला जातो. पिशवी चारी दिशांना फिरते आणि तिचा सगळा भार एका कडीवर येतो. असे दिवसाला शेकडो वेळा आणि वर्षाचे तीनशे दिवस. म्हणून पिशवीच्या वजनाच्या किमान चौपट भार कडीने सहज तोलला पाहिजे, असे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवावे.

हा प्रश्न आमच्या गावातील एका घरी प्रत्यक्ष उभा राहिला. घरातील मुलगी आमच्या शाळेची विद्यार्थिनी. नववीत असताना ती एका शिबिरात बॉक्सिंग शिकून आली आणि तिच्यात काही गुण आहे असे तिथल्या प्रशिक्षकांनी घरच्यांना कळविले. तिला रोज नागपूरला पाठविणे शक्य नव्हते. महिन्यातून दोन वेळा तिकडे जायचे आणि उरलेले दिवस घरी सराव करायचा, असे ठरले. सराव घरी झाला तरच हे शिक्षण पुढे जाणार होते. नाहीतर तिथेच थांबणार होते.

घर जुने, सागवानी खांबांचे, वर कवेलू. पुढे ऐसपैस ओसरी, मागे अलीकडे घातलेले टिनाचे शेड. वडिलांचा विचार पिशवी मागच्या शेडमध्ये टांगण्याचा होता. त्यांनी कारण सांगितले ते आवाजाचे. पण खरे कारण आवाजाचे नव्हते. ओसरी गल्लीवर उघडते. तिथे मुलगी ठोसे मारताना दिसली, तर चार लोक चार तोंडांनी बोलतील, उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी ते आठवून सांगेल, ही त्यांची धास्ती होती. त्यात वाईट असे काही नव्हते; मुलीचा बाप म्हणून जी काळजी येते तीच ती होती. आईची काळजी वेगळी होती. मुलीच्या नाकाला, दातांना लागेल, हात मोडेल, ही तिची भीती.

मी सुताराला घेऊन गेलो. त्याने शेडचा आडवा पाइप हाताने हलवून पाहिला आणि काही न बोलता हात झटकले. टिनाच्या शेडचे आडवे पाइप वरच्या पत्र्याचे वजन पेलण्यासाठी असतात. मधोमध लटकवलेला हलता भार त्यांना वाकवतो, जोडाचे वेल्डिंग सोडवतो आणि पत्रे पहिल्या वादळाची वाट पाहू लागतात. मग त्याने ओसरीतील मयाल पाहिली. खांबावर आडवी टाकलेली ही जाड सागवानी तुळई. तिच्यावर बंगई लटकत होती. सुताराने ती हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिली. वाळवी लागलेले लाकूड पोकळ बोलते, निरोगी लाकूड खणखणीत. मयाल सगळीकडे एका सुरात बोलली. त्यानंतर त्याने बंगईच्या कड्या काढून दाखविल्या : साखळी घासून घासून त्यांचे लोखंड एका बाजूने निम्मे झिजले होते. मयाल उत्तीर्ण झाली आणि कड्या अनुत्तीर्ण.

म्हणजे घराच्या बळाने दाखविलेली जागा आणि बापाच्या मनाने निवडलेली जागा, या दोन वेगळ्या निघाल्या. सर्वांत मजबूत जागा तीच होती, जी साऱ्या गल्लीला दिसत होती. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. अखेर आजी म्हणाली, “गुर्जी, माह्या बंगईनं या घरच्या सासवा-सुना तोलल्या, लेकी-बाळी तोलल्या. मयाल तीच हाय ना? मंग पोरीच्या बोऱ्याले नाही तोलणार काय?” आणि मुलाकडे वळून, “लोक पाह्यतील तं पाहू दे. चोरी थोडीच करते ते?” बंगई मयालीच्या एका टोकाला सरकली, नव्या कड्यांसह, दुसऱ्या टोकाशी, खांबाच्या जवळ, पिशवीची जागा ठरली.

खांबाजवळची जागा का, हे सांगितले पाहिजे. आडवी तुळई दोन आधारांच्या मधोमध सर्वांत जास्त वाकते. आधाराजवळ सर्वांत कमी. म्हणून आधारापासून तीन-साडेतीन फुटांवर पिशवी असावी. तितके अंतर ठोसे मारणाऱ्यालाही लागते, नाहीतर कोपर खांबावर आपटते. लाकडी मयालीला भोक न पाडता काम भागले तर उत्तम. ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तो रुंद पट्टा मयालीभोवती दोन वेढे घालून बांधावा. पट्ट्याखाली पोत्याची चौपदरी घडी ठेवावी, म्हणजे लाकडाची कड पट्टा कापत नाही आणि पट्टा लाकूड खात नाही. कडीच बसवायची असेल तर ती आरपार बोल्टची असावी. मयालीच्या जाडीच्या मध्यातून उभे भोक, वर लोखंडी पट्टी आणि तिच्यावर दोन नट, एकावर एक घट्ट. खालून नुसती आट्यांची कडी पिळून बसवू नये. स्थिर वजनाला ती चालेल, पण रोजच्या हिसक्यांनी तिच्या आट्या लाकडात सैल होत जातात आणि ती सुटेपर्यंत काही कळत नाही. फाट्यांना, बांबूंना, वाशांना पिशवी कधीही टांगू नये. कवेलूच्या घरात आणखी एक गोष्ट : हादऱ्यांनी कवेलू सरकतात. टांगल्यावर पहिल्या आठवड्यात वर चढून ते नीट बसवून घ्यावेत. एरवी हे काम माकडे करतातच, त्यांना मदतनीस कशाला?

ज्यांचे घर सिमेंटच्या स्लॅबचे आहे त्यांची गोष्ट निराळी. आजच्या बहुसंख्य वाचकांची घरे तशीच असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिला नियम असा की पंख्याच्या हुकाला हात लावू नये. तो हुक पाच-सहा किलोंच्या, जागच्या जागी फिरणाऱ्या पंख्यासाठी असतो आणि त्याच्या शेजारून विजेच्या तारा जातात. दुसरे असे की बाजारात मिळणारे, भोकात ठोकून फुगणारे बोल्ट डोक्यावरच्या स्लॅबमध्ये या कामाला भरवशाचे नाहीत. सततच्या कंपनाने त्यांची पकड सैल होते आणि आपला भार नेमका त्यांना बाहेर ओढणारा असतो. घराची गच्ची आपलीच असेल तर आरपार बोल्ट हाच खरा उपाय. घरगुती स्लॅबची जाडी सामान्यतः चार-पाच इंच असते. तिच्यातून बोल्ट वर काढावा, गच्चीवर सहा इंच चौरस लोखंडी पाटी ठेवून वर नट आवळावा आणि पाटीभोवती पाणी न झिरपेल असा लेप नीट करून घ्यावा. असे केले की भार पाटीच्या रुंदीवर पसरतो आणि स्लॅबच्या पूर्ण जाडीवर बसतो. भोक पाडण्याआधी स्लॅबमधून विजेची नळी कुठून गेली आहे हे पाहावे आणि सळईला धक्का लागू देऊ नये. बीमच्या तळाला खालून भोक पाडणे तर कटाक्षाने टाळावे, कारण बीमचे मुख्य बळ तिथल्या सळयांतच असते. छताला खालून गंजाचे डाग दिसत असतील, प्लास्टर सुटत असेल, तर त्या छताला काहीही टांगू नये. त्याची आधी स्वतःचीच दुरुस्ती होणे आवश्यक आहे. वरचा मजला दुसऱ्याचा असेल, तर हा विचारच सोडावा. तिथे पिशवीचा धपधप आवाज वरच्याच्या पलंगापर्यंत पोचतो आणि शेजारधर्म त्यात संपतो.

भिंतीला लोखंडी बाहू ठोकून पिशवी टांगण्याची पद्धतही आहे. ती नऊ इंचांच्या पक्क्या विटांच्या भिंतीलाच चालते आणि तीही बोल्ट आरपार काढून, पलीकडे पाटी ठेवून. साडेचार इंचांच्या पडदीला किंवा मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला ती चालत नाही. बाहूच्या टोकाचा भार वरचे बोल्ट बाहेर खेचतो आणि भिंत फोडतो.

याहून सोपा आणि स्वस्त मार्ग अंगणात आहे. लेखाच्या सुरुवातीला ज्या घोडीचा उल्लेख केला, ती इथे फार उपयोगी पडते. नऊ-दहा फुटांच्या तीन मजबूत बल्ल्या डोक्याशी आवळून बांधाव्यात, पाय ऐसपैस फाकवून दीड फूट जमिनीत गाडावेत आणि मध्ये पिशवी टांगावी. पाय नुसते टेकवून ठेवले तर घोडी ठोशागणिक चालू लागते. कडुनिंबाची किंवा चिंचेची मांडीएवढी जाड, जिवंत फांदी असेल तर पट्टा आणि पोत्याची घडी वापरून तिलाही टांगता येईल. मात्र वाळलेली फांदी टाळावी आणि पावसाळ्यात पिशवी घरात आणावी. भिजलेली पिशवी वजनाने वाढते आणि आतून कुजते.

कडी आणि पिशवी यांच्यामध्ये काय असावे, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही. इंग्रजी एस अक्षरासारखा उघडा हुक अजिबात वापरू नये. पिशवी उडाली की तो निसटतो. पेच लावून बंद होणारी कडी घ्यावी. मध्ये फिरकी असावी, म्हणजे साखळीला पीळ पडत नाही. जाड स्प्रिंग मिळाली तर तीही घालावी. ती झटका गिळते, छताचे आयुष्य वाढवते आणि आवाज कमी करते.

पिशवी किती जड असावी? मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मी, हा सर्वमान्य ठोकताळा. ४५ ते ५० किलो वजनाच्या मुलीला बावीस-पंचवीस किलोंची पुरे. बाजारातून रिकामी पिशवी आणून घरी भरली तर पैसे वाचतात. मात्र नुसती वाळू भरू नये. वाळू चार दिवसांत तळाशी बसते आणि तिथे दगड होतो. त्या दगडावर पडलेली मूठ डॉक्टरकडेच जाते. जुनी सुती कापडे फाडून, त्यांची बटणे, हुक, चेन काढून, थरावर थर दाबून भरावीत. वजन कमी पडले तर वाळूच्या लहान, घट्ट शिवलेल्या पुरचुंड्या अगदी मध्यभागी ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती हातभर कापड असू द्यावे. महिन्याभरात कापड दबते, तेव्हा वरून पुन्हा भर घालावी. त्या घरी आजीची विटलेली लुगडी, वाकळ शिवायची म्हणून बांधून ठेवलेली, पिशवीत गेली. आईने पुरचुंड्या शिवून दिल्या. पिशवीचा तळ मुलीच्या कमरेच्या पातळीवर आणि मध्य छातीच्या पातळीवर येईल अशी साखळीची लांबी ठेवली.

आईच्या भीतीचे उत्तर याच कामात होते. एकट्याने पिशवीवर सराव करताना नाका-दातांना इजा होण्याचे कारण नसते. इजा होते ती मनगटाला आणि करंगळीच्या मागच्या हाडाला. मूठ वाकडी बसली, ठोसा करंगळीच्या बाजूने लागला, की हे हाड मोडते. म्हणून साडेचार मीटर लांबीची सुती पट्टी मनगट, तळवा आणि बोटांच्या पेरांभोवती नीट गुंडाळून मगच हातमोजे चढवावेत. ठोसा तर्जनी आणि मधले बोट यांच्या पेरांवर पडावा, मनगट हाताच्या रेषेत सरळ असावे. पहिले पंधरा दिवस जोर लावूच नये. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती, हे मोठ्यांचे माप. शिकणाऱ्याने दोन मिनिटांपासून सुरुवात करावी. वाढत्या वयाच्या मुलांचे मनगट किंवा खांदा दुखू लागला, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दुखण्यावर मात करणे म्हणजे शौर्य नव्हे.

वडिलांच्या काळजीचे उत्तर इतके सोपे नव्हते आणि ते मी देऊ शकलो असे म्हणणार नाही. एवढे मात्र त्यांना सांगितले, की महिलांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो २०१२ साली, लंडनला, आणि त्याच वर्षी मणिपूरच्या मेरी कोम यांनी कांस्यपदक आणले. तेव्हा त्या दोन मुलांच्या आई होत्या, हे बहुधा सर्वांना ठाऊक आहे. आणि आपल्याच नागपूरच्या अल्फिया पठाण हिने २०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोंवरील गटात सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुली सुवर्णपदके घेऊन परतल्या. नागपूर म्हणजे काही परदेश नव्हे. आमच्या भागातील लोक लग्नाचा बस्ता आणि मोठा दवाखाना यांसाठी तिथेच जातात. वडील ऐकून घेत होते. त्यांनी मान हलविली नाही आणि नकारही दिला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा आणायला बाजारात मात्र तेच गेले.

एक आक्षेप आणखी येतो, आणि तो शिकलेली मंडळीच अधिक घेतात. मुलांना मारायला शिकवून आपण त्यांच्यात राग पेरीत नाही काय? पांढुर्ण्याच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्यावर निशाण लागते आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, असा दगडांचा वर्षाव सुरू होतो. ही आमची गोटमार. दरवर्षी माणसे मोठ्या संख्येने जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. परंपरेविषयी बोलताना गावात दोन मते पडतात. जखमी पोराच्या उशाशी बसलेल्या आईला मात्र एकच मत असते. तेव्हा हातातले बळ वाईट मार्गाने कसे जाते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

परंतु दगड आणि पिशवी यांत फरक आहे. हातून सुटलेला दगड परत येत नाही. तो कोणाच्या कपाळावर बसला हे पाहायलाही फेकणारा थांबत नाही. टांगलेली पिशवी मात्र प्रत्येक वेळी परत येते. रागाने, डोळे मिटून मारलेला ठोसा तिरका लागतो आणि पिशवी तितकीच वेडीवाकडी फिरून अंगावर येते. नीट, मोजून मारलेल्या ठोशाने ती फारशी झोके खात नाही, जागच्या जागी थरारते. चार दिवसांत मुलाच्या लक्षात येते की जोरापेक्षा तोल मोठा. फेरी संपल्याची घंटा झाली की उचललेला हात खाली घ्यायचा, हे त्याला रोज शिकावे लागते. गोटमारीत अशी घंटा नसते. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निद्रिस्त मारुतीची मूर्ती आहे. सगळीकडे मारुती उड्डाण करीत असतो, गदा पेलीत असतो; इथे तो पहुडलेला आहे. त्याच्या दर्शनाला जाताना माझ्या मनात येते, की बळ असूनही स्वस्थ राहता येणे, हेही त्या देवतेचे एक रूप असावे.

पिशवी टांगण्याआधी सुताराने शेवटची परीक्षा घेतली. वाळूने भरलेली पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती त्याने पट्ट्याला रात्रभर लटकवून ठेवली; त्यांच्याखाली कोणी जाऊ नये म्हणून भोवती बाज आडवी लावली. सकाळी मयालीला नवी चीर नव्हती, खांबाचा पाया हलला नव्हता. ही परीक्षा प्रत्येक घरी घ्यावी. लाकडाला असो की स्लॅबला, ती न घेता पिशवी चढवू नये.

त्यानंतरचे नियम त्या घराने स्वतःच केले आणि ते मला इतके पटले की इथे लिहून ठेवतो. सराव सकाळी सहा ते सातच्या आत नाही आणि दुपारी शेजारी झोपतात त्या वेळी नाही. पिशवीभोवती खडूने एक वर्तुळ आखलेले आहे. ती हलत असताना त्या वर्तुळात लहान मूल येणार नाही. पिशवीला लटकून झोके घ्यायचे नाहीत. त्यासाठी बंगई आहे. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील स्टुलावर चढून पट्टा, कडी, फिरकी, नट तपासतात, झिजलेले बदलतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतात. हे काम त्यांनी कोणाला दिलेले नाही. मुलगी खाली स्टूल धरून उभी असते.

गल्ली काय म्हणाली? पहिले आठ दिवस लोक थांबून पाहत होते. नंतर पाहायचे थांबले. आता संध्याकाळी शेजारच्या दोन मुली आपापल्या पट्ट्या घेऊन ओसरीच्या पायरीवर येऊन बसतात आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहतात. आजी बंगईवर बसून त्यांच्या फेऱ्या मोजते.